माळावरचा एक दिवस आणि त्याचा हिशेब



पाऊस ओसरला की मुंबई-नाशिकच्या गाड्या जव्हारला यायला लागतात. सकाळी दाभोसा धबधबा, दुपारी राजवाडा, संध्याकाळी सनसेट पॉइंट आणि रात्री परत. ती माणसं दिवसभर आपल्या माळावर असतात, पण आपल्यापैकी एकीशीही बोलत नाहीत. कचरा तेवढा ठेवून जातात. हा एक दिवस आपल्या बचत गटाने हातात घ्यायचा तर काय करावं लागेल, ते आज बोलू.

"आमच्या माळावर काय आहे बघायला?" हे मी प्रत्येक गटात ऐकते. अगं, सप्टेंबर संपताना उतारावर खुरासणी फुलते, सगळा माळ पिवळा. शेजारी नागलीचा हिरवा पट्टा, खाली खाचरात पिकत आलेला भात. मार्चमध्ये गवत वाळून तांबूस होतं आणि त्यात पळस पेटतो. तुम्ही त्यातून डोक्यावर मोळी घेऊन जाता, म्हणून ते दिसत नाही इतकंच. पायाखालचा काळा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून आलेला लाव्हा, थरावर थर थिजलेला. त्या दगडात लोखंडाचा अंश असतो. दगड झिजून माती होताना तो गंजतो, म्हणून माती तांबडी. हे पाहुण्याला सांगा, तो थांबून ऐकेल. खुरासणीचं तेल कसं काढतात, कोणती रानभाजी किती वेळा उकळून पाणी टाकायचं, हे तर तुमच्याइतकं कुणालाच येत नाही.

उन्हाळ्यात येणारे विचारतात, एवढे हंडे घेऊन बायका कुठे चालल्यात? लपवू नका. मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं आणि आपल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. पाहुणा मुंबईचा असेल तर त्याला हे कळायलाच हवं. रडून सांगायचं नाही, जसं आहे तसं सांगायचं. मात्र हंडा घेतलेल्या बाईचा फोटो काढायचा तर आधी तिला विचारायचं, हा नियम आपला.

चालताना गाईड दोघी हव्यात, एक पुढे, एक सगळ्यात मागे. निघताना आणि प्रत्येक थांब्यावर माणसं मोजा. उंच गवतात काठी आपटत चला. दाभोशाच्या डोहात कुणीही उतरणार नाही, हे जीप सुरू होण्याआधी सांगा. धबधब्यासमोर उभं राहिल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही, त्यात चार तरुण पोरं असली तर मुळीच नाही. वर ढग आले, वीज कडाडली, तर कार्यक्रम तिथेच थांबवायचा. पैसे परत मागतील म्हणून घाबरू नका.

आता चौकाचं. वारली चित्रं जगभर गेली, डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण लग्नाचा चौक लिहिण्याचं काम पहिल्यापासून सवाशिणींचं, आणि तो लग्नातच लिहायचा. पाहुणे म्हणतात, आत्ता काढून दाखवा. माझं मत स्पष्ट आहे : झाडं, तारपा, शेतीची चित्रं खुशाल शिकवा, पैसे घ्या. देवीचा चौक दाखवण्यासाठी लिहू नका. काही गटांना हे पटत नाही. त्यांनी आपल्या धवलेरीला विचारून ठरवावं.

आणि पैसे. समजा दहा पाहुणे आले, माणशी ७०० रुपये, म्हणजे ७,००० झाले. जीपचे २,५०० धरू. दहा पाहुणे, दोन गाईड आणि चालक अशा तेरा जणांच्या जेवणाचा शिधा १,३००. गाईड दोघींना पाचशे-पाचशे, रांधणाऱ्या दोघींना चारशे-चारशे. एकूण ५,६०० गेले, गटाच्या खात्यात १,४०० उरले. नागली घरची असली तरी तिचा भाव धरायचाच. "घरचंच तर आहे" म्हणून आपण तो सोडून देतो, आणि स्वयंपाकाची मजुरी तर कुणाच्या मनातही येत नाही.

मग एखादा एजंट येतो. म्हणतो, "माणशी साडेचारशे देतो, दर रविवारी गिऱ्हाईक आणतो." हिशेब करा. ४,५०० मधून जीप आणि शिधा गेला की राहिले ७००. चौघींत वाटले तर १७५ रुपये, आणि गटाला काहीच नाही. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरीसुद्धा दिवसाला ३१२ होती. दर रविवारी आला म्हणून १७५ चे ३१२ होत नाहीत.

वर्षातले असे पंधरा-वीस दिवस मिळाले, तरी दिवाळीनंतर वीटभट्टीला जाणं त्याने थांबणार नाही. कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण हे पैसे बाईच्या हातात, गावात राहून येतात. मुलीच्या वह्या-पुस्तकांना सावकाराकडे जावं लागत नाही.

पुढच्या बैठकीत तुमचा दर ठरवा आणि इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. अर्धी रक्कम आगाऊ आल्याशिवाय जीपवाल्याला फोन करू नका.