आपण कोणाला घ्यावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हास बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, ग्रॅच्युइटी नाहीतर कामगार कायदे यांवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. तीस वर्षे कारखान्यांच्या गेटांवर उभे राहून आम्ही तेच बोलत आलो. परंतु आज आम्ही खेळावर बोलणार आहोत, आणि खेळही कोणता, तर आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला अमेरिकन फुटबॉल. त्याचे कारण सांगतो. परदेशातील मजुरी-करार वाचण्याची आम्हास खोड आहे. अशाच एका वाचनात अमेरिकेतील फुटबॉल खेळाडूंच्या युनियनचा करार हाती आला. शब्दकोश शेजारी ठेवून तो आम्ही वाचत गेलो, आणि अखेरीस आमच्याच एका जुन्या सहीपाशी येऊन थबकलो. त्या सहीची हकीकत पुढे येईल. आधी खेळाची.

या फुटबॉलचा चेंडू नारळासारखा लांबट. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू हाताने फेकतात, काखेत धरून पळतात. ज्याच्या हातून बहुतेक प्रत्येक डाव सुरू होतो त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. नाव आणि पैसा प्रामुख्याने त्याचा. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात. त्यांचे काम एकच, समोरून येणारा लोंढा अंगावर घेणे. त्यांच्या हाती चेंडू जवळजवळ कधी येत नाही. आम्हास हे पाच जण फार ओळखीचे वाटले.

तेथे व्यावसायिक संघ आहेत ३२. नवे खेळाडू येतात ते महाविद्यालयांतून. आपल्याकडे ज्या दिवसांत वसंत व्याख्यानमाला चालतात, त्याच दिवसांत, एप्रिलच्या अखेरीस, तेथे ‘ड्राफ्ट’ भरतो. मागील हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याने पहिला मुलगा उचलायचा, त्याच्याहून थोडा बऱ्याने दुसरा, आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. अशा सात फेऱ्या होतात. ज्या संघाने नाव घेतले, त्या संघाशीच मुलाने करार करायचा. दुसऱ्या संघाने त्याच्याशी बोलणीही करायची नाहीत.

या दिवसाआधी तीन-चार महिने साऱ्या देशभर एकच वाद पेटलेला असतो. आपण कोणाला घ्यावे? न्हाव्याच्या दुकानात, कारखान्याच्या जेवणघरात, रेडिओवर फोन करून, शौकीन मंडळी हमरीतुमरीवर येतात. एक म्हणतो, आपली बचावाची फळी दुबळी आहे, तेव्हा बचावाचाच गडी घ्या. दुसरा म्हणतो, गरज पाहू नका, गुण पाहा. जो सर्वांत चांगला शिल्लक असेल तो घ्या. तिसरा म्हणतो, आपली पाळीच विका आणि तिच्या बदल्यात पुढच्या दोन पाळ्या पदरात पाडून घ्या. मुलांच्या उंचीचे, वजनाचे, चाळीस यार्ड धावायला लागणाऱ्या वेळेचे, एवढेच काय, हाताच्या पंजाच्या लांबीचे आकडे या मंडळींना तोंडपाठ असतात. कारण दर वर्षी इंडियानापोलिस शहरी या मुलांची जाहीर मोजमापे होतात. हे वाचताना आम्हास आमच्याकडचा बैलबाजार आठवला. तेथेही दात मोजतात आणि चार पावले चालवून पाहतात.

या वादात मोठी विद्वत्ता खर्ची पडते आणि निकाल पुष्कळदा हसू आणणारा लागतो. १९९८ साली पेटन मॅनिंग की रायन लीफ, यावर देश दुभंगला होता. मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा. मॅनिंग या खेळातील थोर पुरुष ठरला. लीफची कारकीर्द चार हंगामही नीट चालली नाही. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाचे तीसेक शौकीन बसने न्यूयॉर्कला गेले. त्यांना हवा होता रिकी विल्यम्स. संघाने नाव पुकारले डोनोव्हन मॅक्नॅबचे. बावीस वर्षांचा तो मुलगा आयुष्यातील सर्वांत आनंदाच्या घटकेला मंचावर आला आणि त्याच्या भावी गावच्या लोकांनी त्याची हुर्यो केली. त्याच मुलाने पुढे फिलाडेल्फियाला २००४ च्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत नेले. आणि २००० साली टॉम ब्रेडी नावाच्या मुलाला सहाव्या फेरीपर्यंत कोणी विचारले नाही. १९८ नावे झाल्यावर त्याचे नाव आले. त्याने सात अजिंक्यपदे जिंकली.

श्रोतेहो, आम्ही या शौकिनांना हसत नाही. आपल्याकडे २००८ साली क्रिकेटची लीग निघाली, तेव्हा एकोणीस वर्षांखालील मुलांची वाटणी अशाच पाळीने झाली होती. पहिली पाळी दिल्लीची. दिल्लीने आपल्या गावच्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतले, आणि कोहली बंगळूरकडे गेला. त्यावरचा वाद आमच्या चहाच्या टपरीवर अजून मिटलेला नाही. कबड्डीच्या लिलावाच्या रात्री आमच्या युनियन कचेरीतही कामकाज थांबते, आणि सर्वांत मोठा आवाज आमचा असतो. ज्याला दिवसभर कोणी मत विचारीत नाही, त्याला रात्री ‘आपण याला घ्यायला हवे होते’ असे म्हणण्यात एक समाधान असते. त्यात गावावरचे प्रेमही असते. तेव्हा वाद जरूर घालावा.

मात्र त्या वादात आपण कोणत्या खुर्चीवर बसतो, हे एकदा पाहावे. ‘आपण’ म्हणजे कोण? दिवसभर कन्व्हेअरवर उभा राहणारा माणूस संध्याकाळी म्हणतो, हा महाग पडेल, त्याला काढून टाका, तो तरुण स्वस्तात मिळेल. ही भाषा कोणाची? सकाळी व्यवस्थापकाने त्याच्याविषयी हीच भाषा वापरली, तेव्हा तो आमच्याकडे धावत आला होता.

ड्राफ्ट निघाला कसा, ते पाहू. मे १९३५ मध्ये मालकांच्या बैठकीत फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी सूचना मांडली. त्यांचा संघ दुबळा होता. चांगल्या मुलासाठी मालकांमध्ये चढाओढ लागे, बोली वाढे आणि मुलगा धनवान संघाकडे जाई. यावर उपाय म्हणून नावे पाळीने वाटून घ्यावीत असे ठरले. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात नऊ संघांचे मालक जमले आणि त्यांनी ८१ मुले वाटून घेतली. पहिले नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे. त्याने मागितलेला पगार कोणी देईना. दुसरा मालक गाठायची सोय उरली नव्हती. तो व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. रबराच्या धंद्यात नोकरीला लागला.

आता अशी कल्पना करा की, आपल्या औद्योगिक वसाहतीतील सारे कारखानदार एका हॉटेलात जमले आहेत आणि यंदा आयटीआयमधून उत्तीर्ण झालेल्या मुलांची यादी त्यांच्यापुढे आहे. हा फिटर चाकणला, हा वेल्डर बुटीबोरीला, हा टर्नर अंबडला. ‘मला माझ्या गावी काम मिळते आहे’ असे म्हणण्याची सोय नाही. पसंत नसेल तर दुसरा धंदा पाहा. आपण काय म्हणू? मोर्चा काढू.

मालकांची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. पाळीची पद्धत नसती तर न्यूयॉर्कसारख्या शहरांनी सारे चांगले खेळाडू नेले असते, आणि ग्रीन बेसारखे गाव कधीच उठले असते, असे ते म्हणतात. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातील लाखभर वस्तीचे गाव. तेथील संघाचे नाव पॅकर्स, कारण १९१९ साली त्यांच्या सदऱ्यांचे पैसे मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने दिले होते. या संघाला एक मालक नाही. पाच लाखांहून अधिक सामान्य माणसे त्याची भागधारक आहेत आणि त्यांना एक छदामही नफा वाटला जात नाही. २०२५ चा ड्राफ्ट तेथेच भरला. दुबळ्याला आधी संधी द्यावी, या विचारात समतेचा अंश आहे, हे आम्ही मान्य करतो.

पण गावे बुडू नयेत म्हणून झीज कोणी सोसायची? १९६१ मध्ये या संघांनी दूरदर्शनच्या हक्कांचे पैसे एकत्र करून सर्वांत सारखे वाटायचे ठरवले. ग्रीन बे जगले त्यात या वाटणीचा वाटा मोठा. तेथे मालकांनी स्वतःचा पैसा वाटला. ड्राफ्टमध्ये ते दुसऱ्याची पोरे वाटतात. या दोन समता एक नव्हेत.

खेळाडूंनी कोर्टाची पायरी चढून पाहिली. जेम्स स्मिथ नावाच्या खेळाडूला १९६८ मध्ये वॉशिंग्टन संघाने पहिल्या फेरीत घेतले. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मानेला जबर दुखापत झाली आणि त्याचा खेळ संपला. मला मालक निवडता आला असता तर अशा दुखापतीची भरपाई करारात घालून घेता आली असती, असे सांगून त्याने १९७० मध्ये दावा लावला. १९७६ मध्ये न्यायालयाने आणि १९७८ मध्ये वरच्या न्यायालयाने तो ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला.

मग ड्राफ्ट आजही चालतो कसा? येथेच आम्ही वाचता वाचता थांबलो. १९७७ मध्ये खेळाडूंच्या युनियनने मालकांशी करार केला आणि त्यात ड्राफ्ट मान्य केला. मालकांनी परस्पर संगनमताने केले तर बेकायदा. तेच कलम युनियनने वाटाघाटीत मान्य केले की कायदेशीर. त्या बदल्यात जुन्या खेळाडूंसाठी काही मिळाले असेल. युनियनला काहीतरी सोडून काहीतरी घ्यावे लागते, हे आम्ही कोणाला शिकवायला नको. पण सोडले ते कोणाचे? जी मुले अद्याप शाळेत होती त्यांचे.

२००३ मध्ये मॉरिस क्लॅरेट नावाच्या विद्यार्थ्याने शाळा सुटल्यावर तीन वर्षे थांबण्याच्या नियमाविरुद्ध दाद मागितली. वरच्या न्यायालयाचा निर्णय असा की, अजून जे कामावर आलेले नाहीत त्यांच्या वतीनेही युनियन करार करू शकते. २०११ मध्ये नवा करार झाला आणि नवागतांच्या पगाराला मर्यादा पडली. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या मुलाचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता. २०११ मध्ये चार वर्षांचा, २ कोटी २० लाखांचा. आकडे ऐकून आपण म्हणाल, एवढ्या पैशांसाठी रडायचे कशाला? हे आकडे पहिल्या मुलाचे आहेत. शेवटच्या फेरीतल्या मुलाचे नव्हेत. आणि युनियनच्याच हिशेबाने खेळाडूची सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्या आतली. निवडलेल्या मुलाचा पहिला करार चार वर्षांचा. म्हणजे मालक निवडण्याची पाळी येण्याआधीच पुष्कळांचे गुडघे संपलेले असतात.

आता आमच्या सहीची हकीकत. २००३ साली एका कारखान्यात आम्ही करार केला. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण दोष कारखान्याचा सांगायचा नाही, आमचा सांगायचा आहे. कंपनीने जुन्या कामगारांना चांगली वाढ देऊ केली. अट एकच होती, की यापुढे भरती होणाऱ्यांची वेतनश्रेणी वेगळी, खालची राहील. आम्ही सभा घेतली. सर्वांनी हात वर केले. विरोधाला एकही हात आला नाही. येईल कसा? ज्यांचे नुकसान व्हायचे ते सभेत नव्हतेच. आम्ही सही केली. गुलाल उधळला, पेढे वाटले.

नऊ वर्षांनी त्याच गेटावर सभेनंतर एक तरुण आमच्यापाशी आला. एकाच मशीनवर तो आणि त्याचा चुलता, काम तेच, पगारात जवळजवळ निम्म्याचा फरक. तो तावातावाने बोलला नाही. त्याने इतकेच विचारले, “भाऊ, तुम्ही सही केलीत तेव्हा मी आठवीत होतो. माझ्या वतीने कोण बोलले?”

आम्हास उत्तर देता आले नाही. ती रेघ पुसायला पुढे दोन करार लागले, आणि अजून ती पुरती पुसली गेलेली नाही. तो मुलगा तोवर थांबला नाही. दुसरीकडे गेला.

म्हणून श्रोतेहो, ‘कोणाला घ्यावे’ हा वाद घालताना एवढे करावे. गरज की गुण, यावर खुशाल भांडावे, आम्हीही भांडू. पण ज्याच्या नावावर आपण भांडतो त्याला कोठे जायचे आहे, हे कोणी विचारले काय, असा प्रश्न मध्येच एकदा टाकून पाहावा. टपरीवर क्षणभर शांतता पसरेल. कोणी म्हणेल, भाऊ, खेळात युनियन आणू नका. आणायची गरज नाही. ती तेथे १९५६ पासून आहे, आणि १९८२ साली, आपल्या मुंबईत गिरण्यांचा संप चालू असतानाच, तिनेही ५७ दिवस मैदाने बंद ठेवली होती. लढण्याची हिंमत तिला होती. आम्हासही होती. आम्ही दोघे चुकलो ते लढताना नव्हे, वाटाघाटीच्या टेबलाशी बसल्यावर.

तेव्हापासून आमच्या युनियनने एक रिवाज ठेवला आहे. कराराच्या मसुद्यावर मत घेण्याआधी सभेत एक खुर्ची मोकळी ठेवतो आणि कलमे वाचताना विचारतो, या खुर्चीवरचा काय म्हणेल? काही जुने सभासद हसतात. पण गेल्या वेळी त्यांच्यातल्याच एकाने उठून एका कलमाला विरोध केला. त्याचा मुलगा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होता.