साठ परीक्षा आणि एक पदवी
(विद्यार्थी व शिक्षक आघाड्यांवरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

परीक्षांचा प्रश्न आपल्यापुढे बहुधा तक्रारीच्या रूपाने येतो. निकाल रखडला, प्रश्नपत्रिका फुटली, परीक्षा-शुल्क वाढले की विद्यार्थी मोर्चा काढतात. ही आंदोलने रास्तच आहेत. परंतु तीन-चार वर्षांच्या सबंध पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याची पारख कोणी, केव्हा आणि कशासाठी करावयाची, हा मूळ प्रश्न त्यांच्या पलीकडचा आहे. त्याचाच आज विचार करावयाचा आहे.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविणे हे महाविद्यालयांचे काम. विद्यापीठाचे काम परीक्षा घेऊन पदव्या देण्याचे. परकीय राज्ययंत्रणेला कारकून व कनिष्ठ अधिकारी निवडण्यास ही व्यवस्था स्वस्त आणि सोयीची होती. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) परीक्षा-सुधारणा ही विद्यापीठीय शिक्षणातील सर्वांत निकडीची सुधारणा मानली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षकांनी वर्षभर करावयाच्या अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार केला. तरीही तीन तासांच्या उत्तरपत्रिकेचे राज्य अबाधित राहिले.

आता सत्र व श्रेयांक पद्धती आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक ठरविले आहेत. ते ‘बँके’त जमा होतात आणि तेथे जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. एका सत्रात पाच विषय धरले तरी सहा सत्रांत तीस विषय होतात. अंतर्गत आणि सत्रान्त मिळून साठ परीक्षा. पहिल्या सत्रात शिकलेले दुसऱ्या सत्रात विसरले तरी काही बिघडत नाही. अर्थशास्त्राचा पदवीधर शेतमालाच्या किमतींची आकडेवारी स्वतः वाचून तिचा अर्थ लावू शकतो काय, हे साठ परीक्षांत एकदाही विचारले जात नाही. मध्येच बाहेर पडण्याची ‘सोय’ही आहे: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. या दारातून बाहेर कोण पडेल, हे कष्टकऱ्यांच्या पक्षाला सांगावयास नको.

या व्यवस्थेतील विसंगती २०२० च्या साथीत उघडी पडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिलमध्ये मधल्या सत्रांच्या विद्यार्थ्यांना निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावरून आणि निम्मे मागील सत्रावरून देण्याची मुभा दिली. जुलैमध्ये मात्र अंतिम परीक्षा सक्तीची केली. महाराष्ट्र सरकार ती रद्द करू पाहत होते. २८ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: राज्यांना मुदतवाढ मागता येईल, परंतु परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. न्यायालयाने कायद्याचा प्रश्न सोडविला. शिक्षणाचा प्रश्न उरलाच. पाच सत्रांतील पन्नास परीक्षांवरून पदवीचा निर्णय करता येत नसेल, तर त्या पन्नास परीक्षा घेतल्या कशासाठी?

कॉम्रेड्स, या साठ परीक्षांच्या सरासरीतच वर्गीय अन्याय दडलेला आहे. मराठी, तेलुगू किंवा हिंदी माध्यमातून आलेली शेतमजुराची मुलगी पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकांपुढे अडखळते. तिसऱ्या वर्षी ती इतरांच्या बरोबरीने लिहू-बोलू लागते. परंतु पहिल्या वर्षाचे कमी गुण अखेरपर्यंत तिच्या पायात बेडीसारखे राहतात. ती आज काय जाणते हे तिच्या गुणपत्रकावरून कळत नाही. ती कोठून आली एवढेच कळते. शिक्षणाने जे अंतर तोडले, ते गुणपत्रक पुन्हा जोडून ठेवते.

म्हणून मूल्यमापनाची योजना सुट्या सुट्या विषयांची न करता सबंध पदवीची केली पाहिजे. पहिल्या वर्षातील चाचण्या शिकविण्यासाठी असाव्यात. चुका दाखविणाऱ्या, पण अंतिम श्रेणीत न मोजल्या जाणाऱ्या. पुढील वर्षांत चाचण्या थोड्या, पण भरीव असाव्यात: क्षेत्रपाहणी, प्रयोग, दीर्घ निबंध, तोंडी चर्चा. पदवीचा निर्णय अखेरच्या टप्प्यातील अशा सर्व कामावरून व्हावा, एका दुपारच्या परीक्षेवरून नव्हे. सोव्हिएत संघात अनेक विषयांना केवळ ‘उत्तीर्ण’ अशी नोंद होत असे, आणि अखेरीस विद्यार्थ्याला आपला पदवी-प्रबंध राज्य परीक्षा मंडळापुढे मांडून त्याचे समर्थन करावे लागे. त्या व्यवस्थेची नक्कल नको. पण यातील तत्त्व विचारात घेण्यासारखे आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. दलित, आदिवासी विद्यार्थी म्हणतात: लेखी परीक्षेत परीक्षकाला निदान माझे आडनाव दिसत नाही, बैठक क्रमांक दिसतो, तोंडी परीक्षेत आणि अंतर्गत गुणांत मला कोण वाचविणार? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ साली मूल्यमापनातील जातीय वागणुकीच्या तक्रारी नोंदविल्या आहेत. हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. त्याला बगल देऊन कोणतीही सुधारणा पुरोगामी ठरणार नाही. तेव्हा कोणाचेही गुण एकाच शिक्षकाच्या हाती नसावेत. लेखी काम क्रमांकानेच तपासले जावे. प्रत्येक श्रेणीमागचे कारण लेखी द्यावे. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहिती अधिकाराखाली मान्य केला. तो अंतर्गत कामालाही विनासायास मिळावा. दाद मागण्यासाठी समिती असावी, आणि तीत राखीव प्रवर्गांचे शिक्षक व विद्यार्थी प्रतिनिधी असावेत.

हे सारे करणार कोण? तासिका तत्त्वावर राबणारा, सुट्टीत बिनपगारी राहणारा शिक्षक शंभर विद्यार्थ्यांचे निबंध वाचून प्रत्येकाशी चर्चा करू शकत नाही. यंत्र हेही त्यावरचे उत्तर नव्हे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले; निकाल कित्येक आठवडे रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावे लागले. रिक्त पदे कायम स्वरूपात भरा, ही शिक्षकांची मागणी आणि आमची पारख न्याय्य करा, ही विद्यार्थ्यांची मागणी, या दोन मागण्या एकच आहेत. दोन्ही आघाड्यांनी त्या एकत्र मांडल्या पाहिजेत.

प्रत्येक महाविद्यालयातील शाखेने आपल्या विद्यार्थ्यांना एका पदवीत किती परीक्षा द्याव्या लागतात, त्यांतून त्यांना परत काय सांगितले जाते आणि तपासणाऱ्यांपैकी कायम शिक्षक किती, हे मोजावे. हे आकडे हाती घेऊनच विद्यापीठाच्या दारावर जाऊ या.