स्ट्रासबुर्गच्या सभागृहातील विरोधक



राष्ट्रीय संसदेत विरोधी पक्षासमोर सरकार बसलेले असते. ते निवडणुकीत हरवता येते, त्याची जागा घेता येते. युरोपीय संसदेत असे समोर कोणी बसलेलेच नाही. कायद्याचा मसुदा मांडण्याचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी युरोपीय आयोगाकडे आहे. संसदेने दुरुस्त्या कराव्यात, संमती द्यावी वा नाकारावी, आणि तेही बहुतेक वेळा सदस्य राष्ट्रांच्या मंत्रिपरिषदेशी घासाघीस करून. आयोगाला घालवायचे तर पडलेल्या मतांपैकी दोन-तृतीयांश मते हवीत. १९९९ च्या जानेवारीत असा ठराव २३२ विरुद्ध २९३ मतांनी पडला. मार्चमध्ये मात्र गैरव्यवहारांवरील चौकशीचा अहवाल येताच सांतेर आयोगाने आपण होऊन राजीनामा दिला.

ज्यांना ही व्यवस्थाच मक्तेदारी भांडवलाच्या सोयीची वाटते, त्यांनी तेथे जाऊन वागावे कसे? इटालियन कम्युनिस्टांना १९६९ पर्यंत या सभागृहात प्रवेशच नव्हता, कारण त्या काळी सदस्य राष्ट्रीय संसदेकडून पाठवले जात आणि तेथील बहुमतवाले त्यांना वगळीत. १९७९ साली पहिली प्रत्यक्ष निवडणूक झाली. ४१० जागांपैकी ४४ कम्युनिस्ट गटाकडे आल्या. त्यांत इटलीच्या २४ व फ्रान्सच्या १९. बेर्लिंग्वेर आणि मार्शे दोघेही निवडून आले. परंतु गट एक असला तरी मते दोन होती. इटालियनांना हे सभागृह अधिक बलवान करायचे होते. फ्रेंचांना राष्ट्राचे सार्वभौमत्व ब्रुसेल्सच्या हाती देणे मान्य नव्हते. इटालियन यादीवरून अपक्ष म्हणून आलेल्या स्पिनेल्लींचा युरोपीय संघाच्या कराराचा मसुदा १४ फेब्रुवारी १९८४ रोजी २३७ विरुद्ध ३१ मतांनी संमत झाला, तेव्हा इटालियन कम्युनिस्ट बाजूने आणि फ्रेंच विरोधात होते. १९८९ मध्ये गट फुटला. त्यात नवल नव्हते; नवल इतकी वर्षे तो टिकला याचेच.

टिकण्यामागे व्यवहार होता. बोलण्याची वेळ, कर्मचारी, समित्यांतील अहवाल लिहिण्याचे काम, हे सारे गटाच्या संख्येवर वाटले जाते. म्हणून तर १९७९ मध्ये सामाईक बाजारपेठेला विरोध करणारे चार डॅनिश सदस्य इटालियन रॅडिकलांसोबत केवळ तांत्रिक गटात बसले. आज गटासाठी किमान सात राष्ट्रांतील २३ सदस्य लागतात. ग्रीसच्या कम्युनिस्ट पक्षाने २०१४ मध्ये डाव्या गटाबाहेर पडून स्वतंत्र बसणे पत्करले. भूमिका स्वच्छ राहिली. समित्यांतील वजन गेले.

उजव्या विरोधकांची तऱ्हा वेगळी. ब्रिटनच्या यूकिपला २०१४ साली देशाच्या ७३ पैकी २४ जागा मिळाल्या. त्यांच्या नेत्यांची भाषणे सभागृहाला उद्देशून कमी आणि मायदेशातील श्रोत्यांसाठी अधिक असत. समितीतील कलमावर घाम गाळण्यात त्यांना फारसा रस नव्हता. आणि हे मान्य केलेच पाहिजे की ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. पण तो निर्णय स्ट्रासबुर्गमध्ये झालेला नव्हता.

कामगारांच्या हिताचा विरोध तेथे फळाला येतो कसा, याचे उदाहरण बंदरांच्या निर्देशाचे आहे. २००१ मध्ये आयोगाने बंदरसेवा खुल्या स्पर्धेसाठी मोकळ्या करण्याचा प्रस्ताव आणला. त्यात जहाजमालकांना स्वतःच्या माणसांकडून माल उतरवून घेण्याची मुभा होती. म्हणजे गोदी कामगाराचे काम दर्यावर्दी खलाशाच्या गळ्यात आणि कौशल्याची किंमत शून्य! गोद्यांमध्ये संप झाले. नोव्हेंबर २००३ मध्ये परिषदेशी झालेल्या तडजोडीचा मसुदा संसदेने २२९ विरुद्ध २०९ मतांनी फेटाळला. पुढच्याच वर्षी आयोगाने नवा मसुदा पुढे केला. जानेवारी २००६ मध्ये हजारो गोदी कामगार स्ट्रासबुर्गला आले, संसदेच्या इमारतीच्या काचाही फुटल्या, आणि १८ तारखेला ५३२ विरुद्ध १२० मतांनी तो पडला. डाव्या गटाची मते एवढी नव्हतीच. सोशल डेमोक्रॅट आणि उजव्यांपैकी अनेकांना आपापल्या बंदरांकडे पाहावे लागले, म्हणून ती जमली. डाव्यांचे काम होते ते समितीत कलमाकलमावर अडून राहण्याचे आणि आतली बातमी वेळेवर युनियनकडे पोचवण्याचे.

आयोगाने २०१३ मध्ये तिसऱ्यांदा प्रयत्न केला. २०१७ मध्ये नियम संमत झाला. माल चढवणे-उतरवणे मात्र बाजारपेठ खुली करण्याच्या त्याच्या तरतुदींतून वगळलेले होते.