सर्वांच्या चर्चचा पत्ता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रविवारी सकाळी अकरा वाजता अमेरिकन समाज जितका दुभंगलेला असतो तितका तो आठवड्यात अन्य कोणत्याही वेळी नसतो, असे मार्टिन ल्यूथर किंग वारंवार सांगत. कारखान्यात आणि बाजारात गोऱ्या-काळ्यांचा जो शेजार नाइलाजाने का होईना घडत असे, तो नेमका देवाच्या दारात संपत असे. हे ऐकून आपण दूरच्या देशाची कीव करण्याचे कारण नाही. तमिळनाडूत काही ख्रिस्ती दफनभूमींतून दलितांच्या कबरी वेगळ्या पाडणाऱ्या भिंती उभ्या राहिल्या. ख्रिस्ती धर्मात जात नाही या गृहीतकावर 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले, आणि भिंत तर सांगते की मेल्यानंतरही जात सुटत नाही. धर्मग्रंथातील समता आणि धर्मस्थळातील बैठक यांच्यात अंतर असते. ते अंतर कमी करण्याचा एक हिशेबी, चिकाटीचा आणि काही अंशी फसलेलाही प्रयत्न सॅन फ्रान्सिस्को शहरात 1944 साली सुरू झाला. त्याचा वृत्तान्त पक्षाच्या कार्यकर्त्यांनी जाणून घेण्याजोगा आहे.

प्रथम त्या शहराची स्थिती लक्षात घ्यावी लागेल. 1942 साली सरकारी हुकुमाने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या नागरिकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर भागातील त्यांची घरे ओस पडली आणि त्याच घरांत दक्षिणेकडून जहाजबांधणीच्या कामासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली. 1940 च्या जनगणनेत शहरात सुमारे 4,800 कृष्णवर्णीय होते. 1950 मध्ये ही संख्या 43,000 वर गेली. एका पीडित समाजाच्या हकालपट्टीतून दुसऱ्या पीडित समाजाला निवारा मिळावा, ही भांडवली युद्धव्यवस्थेची रीतच होय. या वस्तीत आल्फ्रेड फिस्क या गोऱ्या प्रेस्बिटेरियन पाळकाने, जे व्यवसायाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, काही मंडळी जमवली. सर्व वर्णांच्या लोकांचे एक चर्च काढायचे आणि त्याला दोन पाळक असावेत, एक गोरा व एक काळा, दोघांचा दर्जा समान, अशी त्यांची योजना होती. शांततावादी नेते ए. जे. मस्टी यांच्यामार्फत हा विषय हॉवर्ड थर्मन यांच्यापर्यंत पोहोचला.

थर्मन तेव्हा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात प्रार्थनामंदिराचे प्रमुख होते. फ्लॉरिडात 1899 साली जन्मलेल्या या माणसाला त्याच्या आजीने वाढवले होते, आणि ही आजी गुलामगिरीत जन्मलेली. तिला वाचता येत नसे. नातू तिला बायबल वाचून दाखवी. मात्र पौलाची पत्रे ती सहसा वाचू देत नसे. कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की मळ्याच्या मालकाचा गोरा धर्मोपदेशक गुलामांपुढे पौलाचा तोच तो आधार घेऊन, मालकाची आज्ञा पाळा, असा उपदेश करी. सुटका झाली तर तो भाग पुन्हा वाचायचा नाही असे तिने तेव्हाच ठरवले होते. धर्मशास्त्राची यापेक्षा नेमकी चिकित्सा विद्यापीठांतूनही क्वचितच झाली असेल. ज्या महाराष्ट्रात 1927 साली महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेथे या आजीची भूमिका समजावून सांगण्याची गरज नाही.

या थर्मन यांचा आपल्या देशाशी प्रत्यक्ष संबंध आला. 1935-36 मध्ये भारत, ब्रह्मदेश व सिलोन येथील विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती चळवळीच्या निमंत्रणावरून कृष्णवर्णीय अमेरिकनांचे चार जणांचे शिष्टमंडळ आले. थर्मन त्याचे प्रमुख होते आणि त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मनही त्यात होत्या. कोलंबोला व्याख्यानानंतर एका तरुण वकिलाने त्यांना गाठले. तुमच्या पूर्वजांना गुलाम म्हणून नेणारे ख्रिस्ती होते, नेणाऱ्या एका जहाजाचे नावच ‘जीझस’ होते, आजही तुमच्या लोकांना झाडाला टांगणारे जमाव ख्रिस्ती आहेत. असे असता तुम्ही ख्रिस्ती म्हणून येथे येता, हा जगातील साऱ्या काळ्या-सावळ्या लोकांचा विश्वासघात नव्हे काय, असा त्याचा रोखठोक प्रश्न होता. थर्मन यांनी तो अपमान मानला नाही. त्याचे उत्तर शोधण्यात त्यांची पुढची तेरा वर्षे गेली. ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ हे 1949 चे त्यांचे पुस्तक त्या उत्तरातूनच आले. येशू हा स्वतः रोमन साम्राज्याच्या टाचेखालचा एक गरीब ज्यू होता, त्याची शिकवण मुळात भिंतीशी पाठ टेकलेल्या माणसांसाठी होती, आणि तिचा वापर सत्ताधाऱ्यांनी उलटा केला, असे त्या पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

21 फेब्रुवारी 1936 रोजी हे शिष्टमंडळ बारडोलीला गांधीजींना भेटले. पाहुण्यांनी विचारायचे आणि गांधीजींनी सांगायचे, हा नेहमीचा क्रम त्या दिवशी उलटला. गुलामगिरी, मतदानाचा हक्क, झुंडीकडून होणाऱ्या हत्या, शाळा यांविषयी गांधीजींनीच प्रश्नांची सरबत्ती केली. अहिंसा जनतेत का मुरली नाही, या थर्मन यांच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मननीय आहे. लोकांच्या अंगी जोम उरलेला नाही, ते भुकेले आहेत आणि त्यांचा स्वाभिमान गेला आहे, असे ते म्हणाले. स्वाभिमान इंग्रजांनी घेतला असणार असे पाहुण्यांना वाटले. गांधीजींनी बोट दाखवले ते अस्पृश्यतेकडे. त्याच्या अवघे चार महिने आधी, ऑक्टोबर 1935 मध्ये, डॉ. आंबेडकरांनी येवल्यात, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केलेली होती, हे येथे विसरता कामा नये. ज्याला गांधीजी ‘हरिजन’ म्हणत त्या समाजाने ते नाव पुढे नाकारले. रोग एकच दिसत होता. वैद्यांचे मात्र एकमत नव्हते. ही भेट महादेवभाई देसाईंनी ‘हरिजन’ पत्रात नोंदवली आहे. अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित कृष्णवर्णीयांकडूनच जगाला मिळेल, हा गांधीजींचा आशावाद त्या नोंदीतलाच.

आठ वर्षांनी थर्मन विद्यापीठातून बिनपगारी रजा घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेले. ऑक्टोबर 1944 मध्ये ‘चर्च फॉर द फेलोशिप ऑफ ऑल पीपल्स’ची रीतसर स्थापना झाली. समावेशक चर्च म्हटले की स्वागताचे फलक आणि गोड भाषणे डोळ्यांपुढे येतात. पण या मंडळींनी खरी झुंज दिली ती पैसा आणि जागा या दोन रुक्ष बाबींवर.

आरंभी प्रेस्बिटेरियन संघटनेकडून साहाय्य येत असे. थर्मन यांच्या लक्षात आले की हे पैसे घेत राहिलो तर हे चर्च म्हणजे गरीब वस्तीतील एक मिशन ठरेल. गोरे सभासद उद्धार करायला येतील आणि काळे सभासद उद्धरून घ्यायला. उपकारकर्ता आणि उपकृत यांच्यात बंधुभाव नांदत नाही. म्हणून चर्चने संप्रदायाशी असलेले आर्थिक नाते तोडले व स्वतंत्र होऊन सभासदांच्या वर्गणीवर उभे राहण्याचा निर्णय घेतला. महाराष्ट्राला हा प्रसंग अनोळखी वाटू नये. 1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी आणि पगार सोडला व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बसू शकत. सॅन फ्रान्सिस्कोतही आपले मूळचे चर्च न सोडता सभासद होता येई, आणि सभासदत्वाच्या प्रतिज्ञेचा मजकूर वेळोवेळी बदलून अधिकाधिक व्यापक करण्यात आला. टिळक 1919 मध्ये वारले आणि दरबारही त्यांच्या मागे टिकला नाही. आपल्याकडे संस्था माणसावर उभी राहते, हे दुखणे जुनेच आहे.

जागेचा प्रश्न अधिक अवघड होता. फिलमोरमध्येच राहिले तर चर्च हळूहळू शेजारपाजारच्या कृष्णवर्णीयांचे होणार आणि गोरे पाहुण्यासारखे येऊन जाणार, हे दिसत होते. गोऱ्या वस्तीत गेले तर उलटा प्रकार. अखेरीस ती वस्ती सोडून, मधल्या काळात तात्पुरत्या जागा काढून, 1949 मध्ये रशियन हिल भागात लार्किन रस्त्यावरची इमारत घेण्यात आली. उपासनेआधी दीर्घ मौन, गायकवृंदात सर्व वर्णांचे लोक, कधी प्रार्थनेचा भाग म्हणून नृत्य, मुलांसाठी निरनिराळ्या संस्कृतींची ओळख करून देणाऱ्या कार्यशाळा आणि स्यू बेली थर्मन यांच्या पुढाकाराने एकत्र जेवणे, असा तेथील क्रम. माणसांना वेगळे करणाऱ्या मतांपेक्षा एकत्र घेतलेला अनुभव अधिक बलवत्तर ठरू शकतो, मात्र तो पुरेसा काळ टिकला पाहिजे, अशी थर्मन यांची श्रद्धा होती. यातील ‘पुरेसा काळ’ हे शब्द महत्त्वाचे. एक सहभोजन उरकून छायाचित्र काढणाऱ्यांनी ते विशेष लक्षात घ्यावेत. एलिनॉर रूझवेल्ट आणि दक्षिण आफ्रिकेतील कादंबरीकार ॲलन पेटन यांच्यासारखे लोक दूरस्थ सभासद होते, हा तपशील पुस्तकांतून फार मिरवला जातो. त्या टेबलावर दर आठवड्याला कोण कोणाशेजारी बसत होते, याला त्याहून अधिक मोल आहे.

या प्रयोगावर आक्षेप घेणारेही होते आणि ते हलके नव्हते. थर्मन येण्यापूर्वी काही महिने आल्बर्ट क्लेग हे तरुण कृष्णवर्णीय पाळक फिस्क यांच्याबरोबर काम करीत होते. हे सारे त्यांना कृत्रिम वाटले: छावण्यांतील जपान्यांचा, वस्तीतील घरांचा प्रश्न बाजूला ठेवून साधलेली सलगी. क्लेग पुढे डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीय ख्रिस्ती राष्ट्रवादाचे प्रवर्तक झाले. त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. चर्च टेकडीवर गेले, आणि नंतरच्या दशकांत पुनर्विकासाच्या नावाखाली त्याच फिलमोरमधून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे उठवली गेली. जे मिसळण्यासाठी वस्ती सोडतात त्यांच्या हातून वस्ती सुटते, ही किंमत थर्मन यांच्या चरित्रकारांनी कमी लेखली आहे. रस्त्यावर उतरणे हा थर्मन यांचा पिंडच नव्हता. मे 1964 मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे एका उपाहारगृहाने प्रवेश नाकारला तेव्हा डॉ. लोहिया पुन्हा त्याच दारात गेले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. समाजवाद्यांना ती रीत जवळची वाटणार, आणि ते योग्यच आहे.

परंतु लढ्यात उतरणाऱ्यांना बळ कोठून मिळते, हाही प्रश्न उरतो. 1953 मध्ये थर्मन बोस्टन विद्यापीठात गेले. किंग तेव्हा तेथेच संशोधन करीत होते. 1958 साली हार्लेममध्ये किंग यांच्यावर सुरीहल्ला झाला तेव्हा थर्मन रुग्णालयात त्यांना भेटले आणि सक्तीच्या विश्रांतीचा काळ आणखी वाढवून घ्या, असे त्यांनी निक्षून सांगितले. काही महिन्यांनी, फेब्रुवारी 1959 मध्ये, किंग भारतात आले.

थर्मन 1981 मध्ये निवर्तले. संस्थापकांपैकी फिस्क 1946 मध्येच चर्चमधून गेले होते आणि थर्मनही नऊ वर्षांत निघून गेले. चर्च संख्येने कधी मोठे झाले नाही. लार्किन रस्त्यावरच्या त्या इमारतीचे नाव मात्र बदललेले नाही.