परदेशी राहून दूरचे काम
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी दोन शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही अभ्यासाचे महत्त्व सांगू असे पुष्कळांस वाटले असेल. परंतु तो विषय जन्मभर वर्गात सांगून आम्ही थकलो आहोत, आणि ऐकणारेही थकले असतील. आज आम्ही व्हिसाविषयी बोलणार आहोत. आम्ही केवळ मॅट्रिक. परदेश आम्ही भिंतीवरील नकाशातच शिकविला. तरीही या विषयात पडावे लागले, त्याचे कारण आमच्या घरीच घडले.

आमच्या भगिनीची कन्या संगणकावर पुस्तकांची व जाहिरातींची सजावट करते. ती कोणाची नोकर नाही. कामे देशोदेशींहून येतात आणि मोबदला बँकेत जमा होतो. काम कोठूनही होते, तर सहा महिने जपानात राहून का करू नये, असे तिच्या मनाने घेतले. एका दलालाने व्हिसा मिळवून देण्याचे कबूल करून साठ हजार रुपये घेतले. मेहुण्यांनी तिच्या विवाहासाठी ठेवलेली मुदतठेव मोडून ते दिले. तीन महिने गेले, उत्तर नाही. तेव्हा ती आम्हांस म्हणाली, “मामा, तुम्ही एकदा कागद वाचून पाहता का?”

प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावरील सूचना आधी वाचावी, ही शिक्षकाची जुनी खोड. शेजारच्या मुलाच्या साहाय्याने आम्ही जपान सरकारने प्रसिद्ध केलेले नियमच काढविले. हा परवाना तेथे २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाला. मुदत सहा महिने, तीही वाढवून मिळत नाही. वार्षिक उत्पन्न एक कोटी येन हवे. आणि पुढे, कोणकोणत्या देशांच्या नागरिकांनी अर्ज करावा याची यादी. ती आम्ही दोनदा वाचली, मग भाचीने वाचली. त्या यादीत भारत नव्हता. म्हणजे दलालाने जे दार आपल्यासाठी नाहीच, त्याच्या किल्लीचे पैसे घेतले होते! पुष्कळ खेटे घातल्यावर तीस हजार परत आले. उरलेले गेले. मेहुण्यांस आम्ही काही बोललो नाही; मात्र त्या दिवशी त्यांच्या ताटातला भात तसाच राहिला.

या परवान्यांस ‘डिजिटल नोमॅड’ असे नाव आहे. ज्याच्या पायाला भिंगरी आणि हाती संगणक, अशा माणसासाठी ते निघाले. महामारीच्या वर्षी, २०२० मध्ये, बार्बाडोस आणि एस्टोनिया यांनी ते सुरू केले. पुढे क्रोएशिया, पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया असे कितीतरी देश त्या मार्गाने गेले. सर्वांचे मर्म एकच. तुम्ही आमच्या देशात राहा, घरभाडे द्या, बाजारहाट करा. परंतु कमाई बाहेरून आणा, आमच्या लोकांची नोकरी घेऊ नका. स्पेन मात्र स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास स्थानिक गिऱ्हाइकांचे काम एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंत करू देते.

आता उत्पन्नाची अट. पोर्तुगाल आपल्या किमान वेतनाच्या चौपट प्राप्ती मागते. २०२५ मध्ये ते वेतन मासिक ८७० युरो होते. चौपट केल्यास ३,४८० युरो, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या घरात. आपल्याकडे उत्तम म्हणविणारा पगारही पुष्कळदा तेथवर पोचत नाही. मग दलाल म्हणतो, पगाराचा कागद ‘तयार करून’ देतो. बंधूंनो, तो कागद खोटा असतो आणि त्याखाली सही आपल्या मुलाची असते. खोटेपणा उघडकीस आला तर नकाराचा शिक्का दलालाच्या पारपत्रावर पडत नाही.

दुसरा मोह पर्यटकाच्या व्हिसाचा. “खोलीत बसून काम केले तर कोण पाहतो?” असे मुले म्हणतात. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून पाहुण्या प्रवाशास परदेशी मालकाचे असे काम करण्याची उघड मुभा दिली, हे खरे. पण एका घरची मुभा दुसऱ्या घरी चालत नाही. युरोपातील शेंगेन देशांत तर पर्यटकास १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि ते सर्व देशांचे मिळून मोजतात.

कराची गोष्ट मेहुण्यांनाही ठाऊक नव्हती. आर्थिक वर्षात १८२ दिवस वा अधिक भारतात राहिलेला मनुष्य कराच्या दृष्टीने येथील रहिवासी ठरतो, आणि त्याची जगभरातील प्राप्ती येथे हिशेबात येते. १ ऑक्टोबरला विमानात बसणाऱ्याचे तोवर १८३ दिवस भरलेले असतात! तिकडेही कर लागला तर उभय देशांतील कराराचा आधार घ्यावा लागतो. तेथे मात्र दलाल नको, सनदी लेखापाल हवा.

वधूपित्यांसाठी एक वाक्य जाता जाता. “मुलगा परदेशी असतो” असे स्थळ सांगून आले, तर कोणत्या कागदावर असतो, हे विचारण्यात संकोच करू नये. एस्टोनियाचा असा परवाना जास्तीत जास्त एका वर्षाचा असतो. त्यास स्थायिक होणे म्हणत नाहीत.

भाचीने सध्या थायलंडचा विचार धरला आहे. जुलै २०२४ पासून तेथे पाच वर्षांचा व्हिसा मिळतो. एका खेपेस १८० दिवस राहता येते. पाच लक्ष बाट शिल्लक दाखवावी लागते, म्हणजे सुमारे तेरा-चौदा लाख रुपये. तिच्या खात्यावर नऊ आहेत. उरलेले स्वतः मिळवीन, मुदतठेवीला हात लावणार नाही, असे तिने वडिलांस सांगितले आहे.

कोणाच्या घरी असा अर्ज भरला जात असेल, तर पैसे देण्यापूर्वी रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात कागद घेऊन यावे. चष्मा आणि शेजारचा तो मुलगा, दोन्ही आम्ही बरोबर आणू.