रेघ कुठे चुकली?

(मंडळाच्या वर्धापनदिनी ‘माझा व्यवसाय’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. माझी उभी हयात दुकानात गेली. भाषण करण्याची मला सवय नाही. पण त्या म्हणाल्या, “आपल्या फराळाच्या डब्यांवरची लेबले तुमच्याकडून येतात. ती होतात कशी, ते तरी आम्हांला कळू द्या.” तेव्हा जे रोज करते तेच सांगते. त्यात माझी एक चूकही सांगायची आहे.

आमचे यंत्र म्हणजे एक लांबलचक पेटी. तिच्यात ५४ इंच रुंदीची व्हिनाइलची गुंडाळी बसते. व्हिनाइल म्हणजे चिकट पाठीचा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, आणि त्याच्या मागे कागद. यंत्र आधी त्यावर शाईने चित्र छापते. मग छापलेला सगळा पट्टा मागे ओढून घेते आणि बारीक पात्याने प्रत्येक लेबलाची कड कापते. कापायचा तो फक्त वरचा पापुद्रा; मागचा कागद अखंड राहिला पाहिजे. आपण शंकरपाळे कापतो तेव्हा लाटलेली पोळी कापली जाते आणि पोळपाटाला चरा पडत नाही, तसेच हे.

गंमत अशी की पात्याला छापलेले चित्र दिसत नाही. आरंभाच्या बिंदूपासून इतके पुढे, इतके डावीकडे, एवढेच त्याला ठाऊक. व्हिनाइल मध्ये जराशी सरकली तरी पाते आपले ठरलेल्या जागीच कापणार. मग लेबलाच्या एका बाजूला पांढरी कड राहते आणि दुसऱ्या बाजूची अक्षरे कापली जातात.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत असेच झाले. आपल्याच भागातल्या बायकांच्या एका बचत गटाने चकली-चिवड्याचे ९०० डबे करायला घेतले होते. त्यांना सहा सेंटिमीटरची गोल लेबले हवी होती. एका ओळीत वीस, अशा पंचेचाळीस ओळी. म्हणजे जवळजवळ तीन मीटरचा पट्टा. मी तो एकसलग छापायला लावला. संध्याकाळी कापून झाल्यावर पाहते तो पहिल्या ओळी सुरेख आणि शेवटच्या ओळीतली रेघ तीन मिलिमीटर डावीकडे! गटाचे नावच अर्धे कापलेले.

मी घाईघाईने यंत्रातला छपाई-कटाईचा आकडा तीन मिलिमीटरने बदलला आणि दुसरा पट्टा काढला. आता शेवटची ओळ बरोबर आली आणि पहिली चुकली. व्हिनाइल गेली, शाई गेली, रात्रीचे नऊ वाजले. यंत्राच्या कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे होताच. माझा सगळा राग माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीवर निघाला. वीस वर्षांची पोर, तिची पहिलीच नोकरी. मी तिला म्हणाले, “तुझं लक्ष नसतं. हे नुकसान तुझ्या पगारातून कापीन.” ती काही बोलली नाही. डोळे पुसत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधीच ती दारात उभी. हातात वहीचा कागद. रात्री जाताना तिने वाया गेलेला पहिला पट्टा घरी नेला होता आणि फूटपट्टीने मोजला होता. पहिल्या ओळीत फरक नाही, पंधराव्या ओळीत एक मिलिमीटर, तिसाव्या ओळीत दोन, पंचेचाळिसाव्या ओळीत तीन. ती म्हणाली, “काकू, चूक सगळीकडे सारखी असती तर आकडा बदलून भागलं असतं. ही खाली खाली वाढत गेलीय. म्हणजे व्हिनाइल तिरपी चाललीय.”

भगिनींनो, मी मटकन खाली बसले. कारण आदल्या दिवशी गुंडाळी चढवली होती ती मीच. ती बँकेत चलन भरायला गेली होती, आणि मी अंदाजाने कड लावून यंत्र सुरू केले होते. हे तिला माहीत होते, पण तिने तोंडातून काढले नाही.

आपल्यापैकी शिवणकाम करणाऱ्यांना हे चटकन कळेल. कापड उभ्या धाग्यावर ठेवले नाही, तर वरची पट्टी बरोबर दिसते आणि खाली घेर तिरका होतो. इथेही तसेच. छापताना व्हिनाइल तिरपी सरकत गेली. मागे येताना जड गुंडाळीचा ओढा लागला आणि ती त्याच वाटेने परतली नाही. शिवाय व्हिनाइल मुळात मऊ केलेले प्लॅस्टिक. वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९२६ साली पीव्हीसी लवचिक करण्याची रीत शोधली, तेव्हापासून हा पदार्थ वाकू लागला. पण वाकणारी वस्तू ऊन लागले की ताणतेही. शाई वाळावी म्हणून यंत्र तिला चाळीस-पन्नास अंशांपर्यंत तापवते. कापताना ती निवलेली असते. लांब पट्ट्यात तो फरकही साचत जातो.

मग आम्ही दोघींनी काम नव्याने मांडले. लागेल तेवढी व्हिनाइल आधी हाताने सैल सोडून घेतली, म्हणजे गुंडाळीचा ओढा राहिला नाही. कड खुणेला लावून मीटरभर पुढे चालवली, परत आणली, आणि कड त्याच खुणेवर येते का ते पाहिले. दोनदा नाही आली, तिसऱ्यांदा आली. दाबाची चाके खालच्या खरखरीत रुळावर नीट बसवली आणि रुळात अडकलेला भुगा ब्रशने काढला. तीन मीटरचा पट्टा न करता एकेक मीटरचे तीन तुकडे केले. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांत काळ्या खुणा छापल्या. त्या खुणा यंत्राचा छोटा डोळा वाचतो आणि तिरपेपणा व लांबीतला फरक जुळवून घेऊन मगच कापतो. दुपारी दोनपर्यंत ९०० लेबले तयार झाली. गटाच्या बायका मध्यरात्रीपर्यंत चिकटवीत बसल्या, आमच्याही चार हातांची मदत झाली, पण सकाळी डबे गेले.

तेव्हापासून दुकानाच्या भिंतीवर त्या मुलीच्याच अक्षरात एक कागद लावला आहे. तो असा: चूक सगळीकडे सारखी असेल, तर यंत्राची चाचणी-खूण छापून-कापून पाहा आणि आकडा बदला. चूक वाढत जात असेल, तर आकड्याला हात लावू नका. गुंडाळी पुन्हा चढवा. चूक कधी इकडे, कधी तिकडे होत असेल, तर व्हिनाइल घसरते आहे. चाके आणि रूळ पाहा. गोलाची दोन टोके जुळत नसतील, तर पाते झिजले आहे किंवा त्याची दांडी सैल आहे. यंत्र खुणा वाचत नसेल, तर त्याचा डोळा पुसा. ऊन किंवा लॅमिनेशनची चकाकी आड येते का तेही पाहा. आणि लॅमिनेशन करायचे असेल, तर शाईला एक दिवस वाळू द्या.

त्या दिवशी मी तिची माफी मागितली, आणि पगार अर्थातच पुरा दिला. पण “पगारातून कापीन” हे माझे शब्द काही मला परत घेता आले नाहीत. तिने मोजले होते आणि मी न मोजता बोलले होते, याची टोचणी अजून आहे. ती मुलगी आजही माझ्याकडे आहे. नवी गुंडाळी आता आम्ही दोघी मिळून चढवतो. एक कड धरते, दुसरी खूण पाहते.

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या हाताखाली कुणी ना कुणी काम करते. घरात सुना-मुली आहेत. काही बिघडले, की पहिल्यांदा आपली नजर त्यांच्याकडे जाते. माझे एवढेच सांगणे आहे की आधी फूटपट्टी घ्यावी.