फोटोची पाठ : हौशी छायाचित्रकारांचा इतिहास कुठे शोधायचा



बारा बाय पंधरा इंचांचा एखादा जुना कृष्णधवल प्रिंट तुमच्या हाती आला, तर माझी पहिली विनंती अशी की तो उलटा करा. पुढच्या बाजूला काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे : कृष्णेचा घाट, धुक्यातली बैलगाडी, मुंडासं बांधलेला म्हातारा. हे फोटो सुंदर असतात, पण तो म्हातारा कुठल्या साली, कुणी, कुणासाठी टिपला, हे त्याचा चेहरा सांगत नाही. ते पाठीवर लिहिलेलं असतं. फोटो सलॉनला, म्हणजे स्पर्धात्मक प्रदर्शनाला जाऊन आला असेल, तर पाठीवर छायाचित्रकाराचं नाव, पत्ता आणि शीर्षक सापडतं. ज्या ज्या सलॉनमध्ये तो स्वीकारला गेला, तिथली छापील लेबलंही डकवलेली असतात. त्या लेबलांवर सलॉनचं गाव आणि साल असतं. फोटो कुठे कुठे फिरून आला, हे त्यांवरून कळतं.

आपल्या सातारा-सांगलीच्या भागात त्या पत्त्याला आणखी एक किंमत आहे. किर्लोस्करवाडीचंच उदाहरण घ्या. पत्त्यात औंध संस्थान असेल, तर फोटो १९४८ च्या आधीचा. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली जिल्हा हे नाव मिळालं. म्हणजे पत्त्यात 'जि. द. सातारा' असा रबरी शिक्का असेल, तर तो अकरा-बारा वर्षांच्या एका अरुंद पट्टीत बसतो. शिक्का जुनाच वापरत राहण्याची सवय आपल्याकडे आहे, तेव्हा दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरावीत. पत्त्यात पिनकोड असेल, तर फोटो १९७२ चा किंवा त्यानंतरचा. सोबत प्रवेश फीची पावती मिळाली आणि तिच्यावर रक्कम रुपये-आण्यांत असेल, तर १ एप्रिल १९५७ ची दशमान नाणी यायच्या आधीचा काळ धरून चालावं. असे दोन-तीन पुरावे एकमेकांना जुळले, की साल न लिहिलेला फोटोही आपल्या जागी जाऊन बसतो.

हौशी मंडळींची संस्था ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. लंडनमधली फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची, म्हणजे मुंबई जेमतेम एक वर्ष मागे होती. साहेब लोकांच्या त्या मंडळात डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः चांगले छायाचित्रकार होते. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका छंदमंडळाबद्दल आपण इतक्या खात्रीनं बोलू शकतो, कारण त्या मंडळानं स्वतःचं नियतकालिक काढलं. सभेत काय झालं, कुणी कोणते फोटो दाखवले, हे त्यात छापलं गेलं. फोटो विरले, हरवले, छापलेलं राहिलं. पुढे विसाव्या शतकात गावोगावी जे कॅमेरा क्लब निघाले, त्यांतल्या बहुतेकांनी सुरेख फोटो काढले आणि सभेचं इतिवृत्त मात्र शंभर पानी वहीत लिहिलं. वही चिटणीसाच्या घरी राहिली. चिटणीस गेले, घर बदललं, वही रद्दीत गेली. आपल्या इतिहासातली खरी पोकळी इथे आहे.

सातारा आणि सांगली यांची वाट सुरुवातीलाच वेगळी झाली होती, हेही लक्षात ठेवायला हवं. कॅमेरा या मुलखात रुळायच्या आधीच, १८४८ मध्ये, साताऱ्याचं राज्य खालसा झालं. सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थानं मात्र आणखी शंभर वर्षं टिकली. दरबार असला की दरबाराचे फोटो होतात, ते अल्बममध्ये लागतात आणि अल्बम वाड्यात जपले जातात. साताऱ्याला हा आश्रय नव्हता. म्हणून सांगलीसारख्या संस्थानी गावांत शोध वाड्यापासून सुरू करावा. साताऱ्यात मात्र शाळा, वकिलांची घरं, वाचनालयं आणि पेठेतले जुने स्टुडिओ इथून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

औंधाचा उल्लेख टाळून पुढे जाता येणार नाही. औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. १९३८ मध्ये त्यांनी उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आजही यमाईच्या डोंगरावर आहे. सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी पुस्तकांतून केला, तोही फोटोंच्या मदतीनं. त्यांच्याच संस्थानात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला, तीच किर्लोस्करवाडी, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. खेड्याच्या माळावरून सचित्र मासिकं निघत होती! फोटोचा छपाईसाठी ब्लॉक कसा करतात हे जाणणारी माणसं त्या माळावर राहत होती. हौशी छायाचित्रकारांचा माग काढणाऱ्यानं या मासिकांचे जुने अंक पान न् पान चाळावेत. लेखाखाली फोटो कुणाचा, एवढी बारीक ओळही मोलाची असते.

स्वातंत्र्यानंतरचा काळ अधिक भरगच्च आहे. १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झालं आणि गावोगावच्या क्लबांना देशभरच्या सलॉनची दारं उघडली. बडोद्याला जुळवलेला आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा मध्यमवर्गीयांच्या हाती आला. एकशेवीसच्या रोलवर बारा फोटो. उटीच्या कारखान्याची इंदू फिल्म आली. एका रोलात बारा म्हणजे बाराच, त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस दहादा विचार करायचा. या हौशी मंडळींत डॉक्टर, बँकेतले कारकून, शिक्षक, साखर कारखान्यातले अभियंते असायचे. घरात स्वतंत्र डार्करूम कुठली? रात्री न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावायची, लाल बल्ब पेटवायचा, पाटावर तीन ट्रे मांडायचे : डेव्हलपर, पाणी आणि हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन. ब्रोमाइड पेपरवर चित्र उमटायला लागलं, की बाहेर ताटकळणाऱ्यांना आत बोलवावंसं वाटायचं, पण दार तर उघडता यायचं नाही. प्रिंट मग हायपो निघून जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धुवायचा. पाण्याच्या टंचाईत तो नीट धुतला गेला नाही, तर पुढे पिवळा पडायचा. पिवळे डाग पडलेला प्रिंट दिसला तर त्यामागचं कारण बहुतेकदा हे असतं.

ज्यांना घरी जमत नसे ते गावातल्या स्टुडिओवाल्याची डार्करूम दुकान बंद झाल्यावर वापरत. त्यामुळे धंदेवाईक आणि हौशी यांच्यातली भिंत आपल्या गावांत फार पातळ होती. फोटो गुड्स विकणाऱ्या दुकानाची खतावणी मिळाली, तर मी ती दहा अल्बमांपेक्षा वरची मानीन. दर महिन्याला कुणी किती पेपर, किती हायपो उधारीवर नेला, हे त्या खतावणीत असतं. पेपरचा खप अचानक वाढलेला महिना दिसला, की आसपास प्रदर्शन होतं का, हे त्या काळच्या स्थानिक वृत्तपत्रांत तपासावं.

खतावणीत आणि पाठीवरच्या शिक्क्यांत एक मोठी उणीव आहे. तिथे पुरुषांचीच नावं भेटतात. प्रिंट वाळवणं, सुकल्यावर पांढरे ठिपके ब्रशनं भरणं, रंग चढवणं, नोंदी ठेवणं, पार्सल बांधणं ही कामं घरातल्या बाईनं किंवा दुकानातल्या पोऱ्यानं केलेली असू शकतात. म्हणून मुलाखत घ्यायला गेलात, की "तुम्ही कॅमेरा कोणता वापरायचात?" एवढ्यावर थांबू नका. काकूंनाही बोलवा. प्रिंट कुठे वाळत घालायचात, पार्सल कोण बांधायचं, मुलांना डार्करूमच्या दारापासून कोण लांब ठेवायचं, ते विचारा. क्लब आठवड्याच्या सभेपुरताच चालत नव्हता, हे अशा उत्तरांतून उलगडतं.

आता घाई कशासाठी, ते सांगतो. जुन्या काचेच्या निगेटिव्ह खरवडून त्यांच्या काचा तसबिरींना लावल्या गेल्या. फिल्ममध्ये चांदी असते म्हणून निगेटिव्हचे गठ्ठे किलोवर विकले गेले. आणि सांगलीला कृष्णा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाच्या ग्रंथसंपदेचं अतोनात नुकसान झालं. तळमजल्यावरच्या कपाटांत अल्बम ठेवणाऱ्या घरांचं काय झालं असेल, ते इथे बसलेल्या सांगलीकरांना मी सांगायला नको.

भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ते ओढून सोडवू नका आणि तसेच वाळूही देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हातानं सुटे करा आणि एकेक वाळवा. दोन दिवसांत ते होणार नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, वेळ मिळतो. कोरड्या प्रिंटच्या पाठीवर नाव लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलनं, काठाशी, हात न दाबता. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि फोटो स्कॅन कराल, तेव्हा पाठही स्कॅन करा. आज घरोघरी जे डिजिटायझेशन चाललं आहे, त्यात पाठ सर्रास सुटते आणि मूळ प्रिंट कायमचा गेला, तर तो सारा मजकूरही जातो.

साताऱ्याचं नगर वाचनालय १८५२ पासूनचं, सांगलीचंही एकोणिसाव्या शतकातलं. या दोन्ही ठिकाणी एकेक नोंदवही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. फोटो द्यायची गरज नाही, ते घरातच राहू द्या. वहीत एवढंच लिहायचं : कुणाच्या घरी काय आहे, पाठीवर काय लिहिलंय, सलॉनचे कॅटलॉग आहेत का, आणि माहिती सांगू शकेल असं घरातलं सर्वांत वयस्कर माणूस कोण. शेवटचा रकाना आधी भरावा.